‘ऑलरेडी’, ‘ऑल्वेज’, ‘ओन्ली’: इंग्रजी वाक्यात हे शब्द नेमके कुठे बसवायचे?

म्हापशात संध्याकाळी माझा इंग्रजीचा वर्ग असतो. येणारे बहुतेक जण मराठी शाळेतून आलेले. कुणी कळंगुटला हॉटेलच्या रिसेप्शनवर, कुणी थिवीच्या कारखान्यात स्टोअरला, कुणी पणजीत ऑफिसात. काळ त्यांना जमतात, शब्दही भरपूर येतात. तरी वह्या तपासताना एकाच जातीची चूक दर आठवड्याला सापडते. ‘आय डेली गो टू पणजी.’ ‘आय ऑलरेडी हॅव पेड द बिल.’ ‘शी स्पीक्स वेल इंग्लिश.’ शब्द एकही चुकलेला नाही, चुकली आहे ती जागा.

याचं मूळ आपल्या भाषेच्या सवयीत आहे. मराठीत क्रियापदाचं शेपूट एकसंध असतं. ‘मी बिल आधीच भरलं आहे’ या वाक्यात ‘भरलं’ आणि ‘आहे’ यांच्यामध्ये ‘आधीच’ घालून बघा: ‘मी बिल भरलं आधीच आहे.’ कानाला लगेच टोचतं. इंग्रजीत नेमकं उलट. तिथे क्रियापदाची जोडी मधून उघडते आणि बरीचशी क्रियाविशेषणं त्या फटीतच शिरतात: ‘आय हॅव ऑलरेडी पेड द बिल.’ ती फट कशी ओळखायची हे एकदा हाताला आलं, की निम्म्या चुका गळून पडतात.

पुढच्या पायऱ्या याच क्रमाने करा. बहुतेकांचं बिघडतं ते क्रमात: आधी क्रियाविशेषण सुचतं, आणि मग ते हातात धरून जागा हुडकणं सुरू होतं. आधी वाक्य उभं करायचं आणि क्रियाविशेषण सगळ्यात शेवटी बसवायचं.

तयारी: शब्दांचे चार ढीग

वहीचं एक पान घ्या आणि त्याचे चार रकाने पाडा.

पहिल्या रकान्यात मधले शब्द: ऑल्वेज, यूज्वली, ऑफन, नेव्हर, ऑलरेडी, जस्ट, स्टिल, ऑल्सो, प्रॉबॅब्ली, डेफिनेटली, ऑलमोस्ट, रिअली. हे फटीत बसतात.

दुसऱ्यात शेवटचे: डेली, एव्हरी डे, येस्टर्डे, टुडे, टुमॉरो, हिअर, देअर, ॲट होम. यांतले वेळेचे शब्द वाक्याच्या सुरुवातीलाही चालतात, पण मध्ये नाही.

तिसऱ्यात काम कसं केलं ते सांगणारे: वेल, स्लोली, केअरफुली, प्रॉपर्ली. यांची घरं दोन, ती तिसऱ्या आणि चौथ्या पायरीत येतील.

चौथ्यात हट्टी शब्द: येट, टू, ॲज वेल, व्हेरी मच. रोजच्या बोलण्यात यांची जागा वाक्याच्या शेवटी.

सावधान: ‘रोज’ आणि ‘नेहमी’ मराठीत एकाच खुर्चीवर बसतात. ‘मी रोज पणजीला जातो’, ‘मी नेहमी पणजीला जातो’. इंग्रजीत ‘ऑल्वेज’ पहिल्या ढिगातला आणि ‘डेली’ दुसऱ्या. म्हणून ‘आय ऑल्वेज गो टू पणजी’, पण ‘आय गो टू पणजी डेली’. बोलताना ‘एव्हरी डे’ अधिक सहज वाटतं. ‘आय येस्टर्डे मेट हिम’ हीसुद्धा याच घरातली चूक. इंग्रजी वर्तमानपत्रात ‘द मिनिस्टर विल टुडे व्हिजिट…’ असं वाचायला मिळतं, पण ती बातमीची शैली आहे. मेलमध्ये आणि बोलण्यात तिचं अनुकरण करू नका.

१. आधी बोडकं वाक्य लिहा

क्रियाविशेषण बाजूला ठेवून वाक्य पूर्ण करा. ‘फेरी आत्ताच सुटली’ म्हणायचं असेल तर आधी फक्त ‘द फेरी हॅज लेफ्ट.’ हे वाक्य स्वतःच्या पायावर उभं राहत नसेल तर पुढे जाऊ नका. काळ चुकलेला असताना ‘जस्ट’ची जागा शोधण्यात अर्थ नाही.

२. त्या वाक्याचा प्रश्न करा

ही पायरी वगळू नका, सगळ्याची किल्ली हीच आहे. पुस्तकात नियम असतो की क्रियाविशेषण पहिल्या हेल्पिंग व्हर्बनंतर येतं. नियम बरोबर आहे, पण हेल्पिंग व्हर्ब कोणतं हेच तर ओळखता येत नाही. त्यासाठी वाक्याचा ‘हो की नाही’ विचारणारा प्रश्न करायचा आणि कर्त्याच्या पुढे उडी कोण मारतं ते पाहायचं. तीनपैकी एक घडेल.

पहिलं: एखादं हेल्पिंग व्हर्ब उडी मारेल. ‘द फेरी हॅज लेफ्ट’चा प्रश्न ‘हॅज द फेरी लेफ्ट?’ उडी ‘हॅज’ने मारली, म्हणजे फट त्याच्या लगेच नंतर: ‘द फेरी हॅज जस्ट लेफ्ट.’

दुसरं: ॲम, इज, आर, वॉज, वेअर यांपैकी एकटंच क्रियापद उडी मारेल. ‘ही इज लेट’चा प्रश्न ‘इज ही लेट?’ फट ‘इज’नंतर: ‘ही इज ऑल्वेज लेट.’ ‘ही ऑल्वेज इज लेट’ लिहू नका.

तिसरं: कुणीच उडी मारणार नाही, बाहेरून ‘डू’, ‘डज’ किंवा ‘डिड’ आणावं लागेल. पोदेर म्हणजे आमच्या गोव्यातला पाववाला. ‘द पोदेर कम्स ॲट सिक्स’चा प्रश्न ‘डज द पोदेर कम ॲट सिक्स?’ म्हणजे मूळ वाक्यात हेल्पिंग व्हर्ब नाही आणि फटही नाही. अशा वेळी क्रियाविशेषण क्रियापदाच्या अगदी आधी बसतं: ‘द पोदेर यूज्वली कम्स ॲट सिक्स.’

या कसोटीची खरी किंमत कळते ती ‘हॅव टू’पाशी. वर्गात चोडणहून फेरीने येणारी एक मुलगी होती. फार मेहनती, नियम तोंडपाठ. तिने वहीत लिहिलं होतं, ‘आय हॅव ऑल्वेज टू वेट फॉर द फेरी.’ मी खूण केली तर तिला वाईट वाटलं. ‘सर, तुम्हीच सांगितलं ना, हॅवनंतर घालायचं म्हणून?’ तिचा प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, याचा प्रश्न कर. तिने पेन्सिलीने लिहिलं, ‘हॅव यू टू वेट?’ स्वतःच थांबली, खोडलं, आणि खाली लिहिलं, ‘डू यू हॅव टू वेट?’ तो ‘डू’ कागदावर आला तेव्हाच तिला कळलं. इथलं ‘हॅव’ मदतनीस नाहीच, तेच मुख्य क्रियापद. मग ‘ऑल्वेज’ त्याच्या आधी: ‘आय ऑल्वेज हॅव टू वेट फॉर द फेरी.’ त्यानंतर तिची ही चूक मला दिसली नाही.

याच कसोटीने ‘आय ऑल्सो हॅव अ स्कूटर’ का बरोबर ते कळतं, कारण प्रश्न ‘डू यू हॅव अ स्कूटर?’ असा होतो. ‘आय ऑल्वेज यूज्ड टू गो बाय बस’ हेही तसंच, प्रश्न ‘डिड यू यूज टू गो?’

तपासा: बोलताना ‘आय हॅव’चं ‘आइव्ह’ होतं आणि ‘दे हॅव’चं ‘देव्ह’. आखडलेलं असलं तरी ते हेल्पिंग व्हर्बच. ‘आइव्ह ऑलरेडी टोल्ड हिम.’

३. हेल्पिंग व्हर्ब दोन-तीन असतील तर

पहिल्या ढिगातला शब्द पहिल्याच मदतनिसानंतर. ‘द रूम हॅज ऑलरेडी बीन क्लीन्ड.’ ‘यू शुड नेव्हर हॅव साइन्ड इट.’ ‘हॅज बीन ऑलरेडी’ असं अडखळत पुढे ढकलू नका.

तिसऱ्या ढिगातला, म्हणजे ‘कसं’ सांगणारा शब्द मात्र अशा कर्मणी वाक्यात मुख्य क्रियापदाला चिकटून राहतो: ‘द रूम हॅज बीन प्रॉपर्ली क्लीन्ड.’ दोन्ही हवे असतील तर प्रत्येक आपापल्या घरी: ‘द रूम हॅज ऑलरेडी बीन प्रॉपर्ली क्लीन्ड.’ हाउसकीपिंगमध्ये काम करणाऱ्यांनी हे एक वाक्य पाठ करून ठेवलं तरी चालेल. त्यात दोन्ही घरं शेजारी शेजारी दिसतात.

४. क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये काही घालू नका

‘ती इंग्रजी छान बोलते.’ मराठीत ‘छान’ हे कर्म आणि क्रियापद यांच्यामध्येच बसतं आणि तिथेच शोभतं. इंग्रजीत तीच जागा बंद. क्रियापद आणि त्याचं कर्म हातात हात घालून चालतात, तिसरा मध्ये आलेला खपत नाही.

चूक: ‘शी स्पीक्स वेल इंग्लिश.’ बरोबर: ‘शी स्पीक्स इंग्लिश वेल.’

चूक: ‘आय लाइक व्हेरी मच फिश करी.’ बरोबर: ‘आय लाइक फिश करी व्हेरी मच.’

चूक: ‘प्लीज चेक केअरफुली द बिल.’ बरोबर: ‘प्लीज चेक द बिल केअरफुली.’

दोन सवलती आहेत. क्रियापदानंतर ‘ॲट’, ‘टू’ असं शब्दयोगी अव्यय असेल तर त्याच्या आधी जागा मिळते: ‘लुक केअरफुली ॲट द बिल.’ आणि कर्म फार लांबलचक असेल तर क्रियाविशेषण आधी उरकून घेतात: ‘प्लीज रीड केअरफुली ऑल द रूल्स प्रिंटेड ऑन द बॅक ऑफ धिस फॉर्म.’

सावधान: काही शब्द जागा बदलली की अर्थही बदलतात. ‘ही हॅज सीन द बोर्ड क्लिअरली’ म्हणजे त्याला पाटी स्पष्ट दिसली. ‘ही हॅज क्लिअरली सीन द बोर्ड’ म्हणजे त्याने पाटी पाहिली आहे हे उघड आहे. गिऱ्हाइकाबद्दल साहेबांना मेल लिहिताना हा फरक लहान राहत नाही.

५. नकार आला की थांबा

नकारात काही शब्द ‘नॉट’च्या अलीकडे राहतात आणि काही पलीकडे.

‘प्रॉबॅब्ली’ आणि ‘डेफिनेटली’ अलीकडे: ‘आय प्रॉबॅब्ली वोन्ट कम टुमॉरो.’ ‘आय वोन्ट प्रॉबॅब्ली कम’ नाही. ‘ऑल्वेज’ पलीकडे: ‘द शॉप डजन्ट ऑल्वेज ओपन ॲट नाइन’, म्हणजे दुकान नेहमीच नऊला उघडतं असं नाही. ‘यूज्वली’ दोन्हीकडे चालतो. गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, तेव्हा मासळीचे भाव का चढले असं पाहुण्याने विचारलं, तर ‘वी डोन्ट यूज्वली गेट मच फिश इन जून’ म्हणा किंवा ‘वी यूज्वली डोन्ट’ म्हणा, दोन्ही ठीक.

‘रिअली’ दोन्हीकडे बसतो, पण अर्थ वेगळा. ‘आय रिअली डोन्ट नो’ म्हणजे मला खरंच माहीत नाही. ‘आय डोन्ट रिअली नो’ म्हणजे तसं नक्की सांगता येणार नाही. पहिल्यात जोर आहे, दुसऱ्यात सौम्यपणा. ‘डोन्ट लाइक’ असतं तेव्हा हा फरक आणखी टोचतो.

मराठी माणसाला सगळ्यात जास्त फसवतो तो मात्र ‘अजून’. ‘अजून पगार आला नाही’ याची इंग्रजीत दोन रूपं होतात आणि दोन्हींची जागा पक्की आहे. ‘आय स्टिल हॅवन्ट रिसीव्ह्ड माय सॅलरी’: इथे ‘स्टिल’ हेल्पिंग व्हर्बच्याही आधी आला, नेहमीची फट सोडून. ‘आय हॅवन्ट रिसीव्ह्ड माय सॅलरी येट’: इथे ‘येट’ अगदी शेवटी. ‘स्टिल’मध्ये तक्रारीचा सूर असतो, ‘येट’मध्ये फक्त माहिती. ऑफिसला पहिलं पत्र पाठवताना ‘येट’ लिहा, तिसऱ्या पत्रात ‘स्टिल’ शोभेल. होकारातला ‘अजून’ मात्र सरळ फटीत: ‘आय ॲम स्टिल वेटिंग.’

तपासा: वाक्यात ‘नेव्हर’ असेल तर दुसरा नकार नको. ‘आय डोन्ट नेव्हर ईट मीट’ नाही, ‘आय नेव्हर ईट मीट.’

६. प्रश्नात फट कर्त्याच्या मागे जाते

‘हॅव यू ऑलरेडी हॅड लंच?’ ‘डू यू यूज्वली क्लोज ऑन मंडे?’ प्रश्नात हेल्पिंग व्हर्बनंतर आधी कर्ता, मग क्रियाविशेषण. इथे चुका कमी होतात. एकच लक्षात असू द्या: ‘जेवलात का?’ असं सहज विचारायचं असेल तर ‘हॅव यू हॅड लंच येट?’ म्हणा. ‘ऑलरेडी’ घातलात तर त्याचा अर्थ ‘इतक्यात जेवलातसुद्धा?’ असा होतो.

७. ‘च’चं भाषांतर ‘ओन्ली’ करू नका

इथे थोडं थांबून वाचा, कारण ही चूक नुसती कानाला खटकत नाही, व्यवहारात नुकसान करते.

भाड्याने स्कूटर देणाऱ्या एका दुकानात काम करणारा मुलगा माझ्याकडे यायचा. एका परदेशी बाईंनी संध्याकाळी उशिरा फोनवर मेसेज करून स्कूटर मागितली. आज गाडी नव्हती, सकाळी येणार होती. त्याला सांगायचं होतं, ‘आता उद्याच न्या.’ त्याने लिहिलं, ‘यू कॅन टेक द स्कूटर टुमॉरो ओन्ली.’ बाईंना चार दिवसांसाठी हवी होती. त्यांनी वाचलं ते असं, की स्कूटर फक्त उद्याच्या एका दिवसापुरती मिळेल. त्यांनी दुसरीकडून घेतली. मुलाने मला तो मेसेज दाखवला तेव्हा त्याला यात काय चुकलं तेच कळत नव्हतं, आणि मराठीच्या कानाने ऐकलं तर खरंच काही चुकलेलं नाही.

कसोटी सोपी आहे. मराठी वाक्यातला ‘च’ काढा आणि ‘फक्त’ घालून बघा. अर्थ तोच राहिला तर ‘ओन्ली’ वापरा. ‘मी रविवारीच मासे खातो’ म्हणजे ‘फक्त रविवारी’, तर ‘ओन्ली’ बरोबर. ‘उद्याच न्या’ म्हणजे ‘फक्त उद्या न्या’ नव्हे, तर ‘ओन्ली’ नको. मग काय? ‘प्लीज टेक इट टुमॉरो, नॉट टुडे.’

‘च’ प्रत्येक ठिकाणी वेगळा कपडा घालतो:

‘मी इथेच म्हापशात राहतो’: ‘आय लिव्ह राइट हिअर इन म्हापसा.’
‘तोच म्हणाला’: ‘ही वॉज द वन हू सेड इट.’
‘मी येणारच’: ‘आय विल डेफिनेटली कम.’
‘आत्ताच आलो’: ‘आइव्ह जस्ट कम.’
‘मला माहीतच नव्हतं’: ‘आय हॅड नो आयडिया.’

आता खरा ‘ओन्ली’ कुठे ठेवायचा? बोलताना तो पहिल्या ढिगासारखा फटीत किंवा क्रियापदाआधी बसतो आणि ज्या शब्दावर जोर देऊ त्याला लागू होतो: ‘वी ओन्ली चार्ज फॉर पार्किंग ऑन संडेज.’ लिहिताना मात्र जोर ऐकू येत नाही. म्हणून पाटीवर, बिलावर, मेलमध्ये तो संबंधित शब्दाच्या लगेच आधी ठेवा: ‘वी चार्ज फॉर पार्किंग ओन्ली ऑन संडेज.’ पहिलं वाक्य पाटीवर लावलंत तर कुणी तरी नक्की विचारेल की रविवारी बाकी सगळं फुकट का.

‘मी पण येतो’मधल्या ‘पण’चंही थोडं असंच. ‘आय विल ऑल्सो कम’ चूक नाही, पण गप्पांमध्ये ‘आय विल कम टू’ अधिक सहज.

८. शेवटी गर्दी झाली तर मराठीचा क्रम उलटा करा

‘ती काल देवळात सुंदर गायली.’ मराठीत आधी कधी, मग कुठे, मग कसं. इंग्रजीत शेवटून वाचत या: कसं, कुठे, कधी. ‘शी सँग ब्यूटिफुली ॲट द टेंपल येस्टर्डे.’

जाण्या-येण्याच्या क्रियापदांना मात्र ठिकाण आधी लागतं: ‘ही वेंट टू मडगाव बाय बस येस्टर्डे.’ ‘वेंट बाय बस टू मडगाव’ कुणी म्हटलं तर समजतं, पण पहिलं सरळ जातं.

९. तुटक उत्तरात नियम फिरतो

शेवटची पायरी, आणि ‘आय ऑलरेडी हॅव पेड’ ही सुरुवातीची चूक बहुधा इथूनच जन्मते. कुणी विचारलं, ‘हॅव यू पेड?’ आणि उत्तर हेल्पिंग व्हर्बवरच थांबलं, तर क्रियाविशेषण त्याच्या आधी येतं: ‘येस, आय ऑलरेडी हॅव.’ तसंच ‘आर यू ऑल्वेज धिस बिझी?’ याला ‘इन डिसेंबर, वी ऑल्वेज आर.’ मालिकांत हे सतत ऐकू येतं, ते कानात बसतं, आणि मग त्याच तुकड्याला पुढे ‘पेड’ जोडलं जातं. शिवाय ठासून बोलताना इंग्रजी बोलणारे स्वतःही ‘ही रिअली हॅज चेंज्ड’ असं म्हणतात, तेव्हा ‘हॅज’वर आवाज चढलेला असतो.

म्हणून वाक्य ‘हॅव’पाशी संपत असेल तर ‘आय ऑलरेडी हॅव’. पुढे मुख्य क्रियापद येणार असेल आणि आवाज चढवायचा नसेल, तर ‘आय हॅव ऑलरेडी पेड’.